रिकाम्या काट्यावर सत्तर किलो

शिरूरच्या येशुदासला कुणी भुताखेताचं काही सांगायला लागलं की तो आधी चहा मागवतो, शांतपणे सगळं ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, "वायर तपासली होती का?" जुन्या कॉम्प्युटरांचा धंदा करून करून त्याचं मत झालं होतं, की जगातली निम्मी भुतं ढिल्या वायरींत राहतात आणि उरलेली निम्मी धुळीत. तळेगाव ढमढेऱ्यात एका दुकानातलं बिलाचं मशीन रोज दुपारी आपोआप बंद पडायचं. दुकानदाराच्या लिंबू-मिरच्या बांधून झाल्या, देवऋषी आणून झाला. येशुदासनं जाऊन डबा उघडला, तर पंख्याशेजारी पालीनं संसार थाटलेला. पाल बाहेर काढली, भूत गेलं. हा किस्सा तो बिल पुढं करायच्या आधी हमखास सांगतो. मग गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

राहूच्या काट्याचा किस्सा मात्र तो दुकानात सांगत नाही. त्याला दिवेलागणीची वेळ लागते, आणि ऐकणाऱ्याला जरा जवळ सरकून बसावं लागतं.

सुरुवात अगदी साधी. ऊसतोडीचा हंगाम भरात आलेला. राहूच्या अलीकडं विठाबाईंचा वजनकाटा आहे, रस्त्याला लागून. जमिनीलगत लांबच लांब लोखंडी फळी, तिच्यावर उसाची गाडी चढवायची आणि शेजारच्या केबिनीत वजन बघायचं. आसपासची गुऱ्हाळं याच काट्याच्या भरवशावर ऊस घेत. काटा उभा केला तो विठाबाईंच्या मालकांनी, हौसरावांनी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पा ज्येष्ठात गेले, आणि हा त्यांच्याशिवायचा पहिलाच हंगाम.

विठाबाईंचा फोन सकाळीच आला.

"येशुदासा, कंप्यूटर लई मरगळलाय रं. गाडी चढती, आन् आकडा यायला इतका येळ की डायव्हर तंबाखू मळून खाऊन मोकळा होतो."

"मावशी, नवा घ्या की."

"नवा घ्यायला मी काय कारखान्याची चेअरमन हाय व्हय? त्येच्यातच काय ते कर. आन् आजच कर. सांजच्याला विनोद मुकादम येणार हाय परीक्षा घ्यायला."

परीक्षा कसली, तेही त्यांनी सांगितलं. विनोद हा ऊसतोडणीचा आणि वाहतुकीचा मुकादम. त्याच्या मेहुण्यानं पलीकडच्या रस्त्याला नवाकोरा काटा टाकला होता. तेव्हापासून विनोद गुऱ्हाळवाल्यांचे कान भरत होता : म्हातारीचं मशीन सडलंय, आकडा अडकतो, आज एक दाखवतं, उद्या दुसरा. शेवटी ठरलं असं, की संध्याकाळी चार लोकांसमोर एकच गाडी दोन वेळा काट्यावर चढवायची. दोन्ही वेळेस आकडा एकच आला आणि मशीन अडकलं नाही, तर गाड्या इथंच. नाहीतर उद्यापासून सगळ्या मेहुण्याकडं.

"त्यांचं नाव हाय रं ह्या काट्याला," विठाबाई म्हणाल्या. "खोटा ठरला, तर मी त्यांना काय सांगू?"

गेलेल्या माणसाला काय सांगायचं, हा प्रश्न येशुदासला तेव्हा नुसता बोलण्याच्या ओघातला वाटला.

काट्यावरचं मशीन त्यानंच पूर्वी विकलेलं. त्यामुळं त्याला नाडी ठाऊक. हार्डडिस्क ठीक, मेमरी ठीक, बोर्ड धट्टाकट्टा. मेंदू तेवढा म्हातारा, म्हणजे प्रोसेसर. दोन कोरचा, म्हणजे दोन कप्प्यांचा, तो प्रोसेसर काढून त्याच बोर्डावर चार कोरचा बसवता येतो. असे जुने, चांगले प्रोसेसर येशुदास पुण्यातल्या बंद पडलेल्या ऑफिसांच्या भंगारातून वेचून आणतो आणि साबणाच्या डब्यात जपून ठेवतो. नव्या कॉम्प्युटरच्या पैशात होणारं काम जवळजवळ नव्या चपलांच्या पैशात होतं. यालाच तो धंदा म्हणतो.

दुपार कलताना तो आपली मारुती व्हॅन घेऊन भीमा ओलांडून राहूच्या बाजूला उतरला. दोन्ही अंगाला ऊस. गुऱ्हाळांच्या चुलाणांचा धूर जमिनीलगत पसरलेला आणि हवेत काकवीचा दाट, गोड, किंचित जळका वास. वाट काट्यावरूनच जात असल्यामुळं व्हॅन फळीवर घेऊन तो थांबला आणि खिडकीतून ओरडला, "मावशी, आधी माझंच वजन करा!"

बराच वेळ काही झालं नाही. मग आतून आवाज आला, "नऊशे साठ! येवढ्या वेळात माजा च्या झाला असता!"

केबिन म्हणजे पत्र्याची खोली. एक खिडकी काट्याकडं, खिडकीशी माईक, ड्रायव्हरला हाका मारायला बाहेर खांबावर कर्णा. वजन दाखवणारा लाल आकड्यांचा डबा मागं विजेच्या लोळानं जळाला, तेव्हापासून काट्याची वायर सरळ कॉम्प्युटरात घातलेली. जे काय दिसायचं ते पडद्यावरच. कोपऱ्यात आप्पांची काठी भिंतीला टेकवलेली. तिच्या मुठीवर धूळ नव्हती.

येशुदास कामाला लागला. डबा उघडला, तर आत उसाच्या पाचटाची काळी राख मुठीनं निघाली. "मावशी, हा कॉम्प्युटर आहे का चुलाण?" तो म्हणाला. मावशी हसल्या. मग खरं जोखमीचं काम. नवा प्रोसेसर बसवायच्या आधी, जुना जागेवर असतानाच, बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर नवं करावं लागतं. नाहीतर बोर्ड नव्या पाहुण्याला ओळखच देत नाही. आणि ते चालू असताना लाइट गेली, तर बोर्ड जागीच मेला. त्या भागातल्या लाइटीवर येशुदासचा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून तो असल्या कामाला स्वतःचा यूपीएस घेऊन जातो.

काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी निम्म्यावर सरकली आणि लाइट गेली.

यूपीएस टूं-टूं करू लागला. मशीन तगलं. केबिनीत तेवढा पडद्याचा निळसर उजेड. बाहेर दिवस मावळतीला आलेला, उसावर धुकं उतरायला लागलेलं. गुऱ्हाळाची विजेवरची मोटर बंद पडल्यामुळं सगळीकडं एकाएकी गप्प झालं.

आणि त्या गप्पपणात काट्याच्या फळीनं आवाज केला.

धड्.

चालणारं माणूस लोखंडी फळीवर पाय ठेवतं, तेव्हा होतो तो आवाज. मग दोन सावकाश पावलं. मग काही नाही.

येशुदासनं खिडकीतून वाकून पाहिलं. फळी रिकामी. "लोखंड निवतंय," तो स्वतःशी म्हणाला. दिवसभर तापलेलं लोखंड निवताना वाजतं, हे त्याला माहीत होतं. हिवाळा आहे आणि आज ऊन फारसं नव्हतं, हेही त्याला माहीत होतं. ते मात्र तो स्वतःशी म्हणाला नाही.

पट्टी पुरी झाली. लाइट आली. त्यानं जुना प्रोसेसर काढला. त्याच्यावरचा, उष्णता ओढून घेणारा लेप वाळक्या चुन्यासारखा तडकलेला. तो पुसला, नवा प्रोसेसर खाचा जुळवून अलगद बसवला, वर साबुदाण्याएवढा नव्या लेपाचा ठिपका दिला, पंखा आवळला. बटण दाबताना त्यानं नेहमीप्रमाणं आईनं, मर्सीबाईंनी, शिकवलेली छोटी प्रार्थना मनातल्या मनात म्हटली. ही प्रार्थना देवावरच्या श्रद्धेची किती आणि भंगाराच्या मालावरच्या अविश्वासाची किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

मशीननं एकदा टुक् केलं आणि उठलं. काय उठलं! आधी जे उघडेस्तोवर चूळ भरून यायला वेळ मिळायचा, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. येशुदासनं मांडीवर थाप मारली. "मावशी, या बघायला! म्हातारं घोडं उधळलं!"

वजनाचा प्रोग्रॅम उघडला. रिकाम्या काट्यावर शून्य दिसायला हवं होतं.

पडद्यावर आकडा होता : ७०.

येशुदासनं प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. सत्तर. वायर काढून घातली. सत्तर. तो विजेरी घेऊन बाहेर गेला, फळीच्या चारी कडांत काठी फिरवली, अडकलेला दगड शोधला, चिखल शोधला, खाली वाकून उंदरानं वायर कुरतडली का पाहिलं. काही नव्हतं. परत आला, तर पडदा सत्तरावरच. काटा दहाच्या पटीत बोलणारा. बिघाडाचा आकडा नाचतो, वर-खाली होतो. हा आकडा नाचत नव्हता. उभा होता.

मुकादमाची यायची वेळ झालेली. काटा रिकामाच सत्तर दाखवतोय म्हटल्यावर परीक्षा सुरू व्हायच्या आधीच संपली.

विठाबाई देव्हाऱ्यापुढं दिवा लावून केबिनीत आल्या. त्यांनी पडदा पाहिला आणि त्या दारातच थबकल्या.

"मावशी..." येशुदासचा आवाज आपोआप खाली आला. "आप्पांचं वजन किती होतं?"

विठाबाई पदर सावरून खुर्चीवर बसल्या.

"सत्तर," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी काटा उघडला की आदी सोता उभं ऱ्हायाचे. सत्तर दिसलं तरच पयली गाडी. लग्नात जिलबी वाढाय आलं की ताटावर हात आडवा... न्हाई म्हणायचे, माजं वजन वाढलं तर काट्यानं कुणाकडं बघावं? आजारी पडले की मी लापशी खाऊ घालायची. सत्तराच्या खाली गेले तर काटा बंद." त्या क्षणभर हसल्या. "येवढा मानूस त्या सत्तरापायी उपाशी ऱ्हायला रं."

"पण मावशी, ते जाऊन..."

"व्हय."

बाहेर फळी पुन्हा एकदा बारीक वाजली, उभ्या माणसानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा तशी. आकडा हलला नाही.

येशुदासचं डोकं एरवी नफ्याच्या दिशेनं चालायचं. आज ते भलत्याच दिशेला गेलं, आणि तिथून परत येईना. जुना प्रोसेसर आकडा दाखवायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात माणूस चढून, उभा राहून, उतरूनही गेला असता. म्हणजे आप्पा काही आजच आले नव्हते. ते ज्येष्ठापासून रोज येत असतील. मशीनला दिसत नव्हते, एवढंच.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं. त्याला हा प्रश्न वायरीला विचारता येत नव्हता.

विठाबाई उठल्या. माईक तोंडाशी धरला, आणि एकदम संकोचल्यासारख्या झाल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. बाहेर कर्ण्यातून तो शब्द धुक्यात घुमला. "उतरा आता. गाडी यायची हाय."

पडद्यावरचा सत्तर गेला. शून्य आलं.

येशुदासनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. विठाबाईंनी माईक खाली ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "च्या टाकू?"

चहा व्हायच्या आतच ट्रॅक्टरचे दिवे वळणावर दिसले. मागं उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या. पुढं मोटारसायकलवर विनोद मुकादम, गळ्यात मफलर, बरोबर दोन गुऱ्हाळवाले साक्षीला.

"काय शेठ," विनोद येशुदासला म्हणाला, "म्हातारीला पुन्यांदा भंगार विकलं का?"

"मुकादम, भंगारच आहे. पण माझ्या भंगाराला लाज आहे," येशुदास हात जोडून म्हणाला. "चढवा गाडी."

ट्रॅक्टर फळीवर आला. चाकं थांबतात न थांबतात तोच आकडा पडद्यावर : अठरा हजार चारशे वीस. गुऱ्हाळवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "आयला," एकजण म्हणाला, "ही तर बंदुकीची गोळी झाली."

विनोदनं बाहेर ड्रायव्हरला हात केला. "गाडी वळवून पुन्यांदा आण!" गाडी खाली उतरून फिरून येईस्तोवर तो मागच्या अंधारात कुणाशी तरी बोलून आला.

दुसऱ्यांदा गाडी चढली. अठरा हजार चारशे वीस. साक्षीदार माना डोलावणार, एवढ्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आकड्यानं उडी घेतली. अठरा हजार पाचशे पन्नास.

"बघा!" विनोद ओरडला. "बघा, पयल्यापरास वाढला का न्हाई? मी काय सांगत हुतो? सडका काटा हाय!"

जुनं मशीन असतं, तर ही उडी दिसलीच नसती. उशिरानं थेट शेवटचा, खोटा आकडा आला असता आणि विठाबाई तिथंच संपल्या असत्या. पण उडी दिसली होती. आणि येशुदासचं वजनाचं गणित पक्कं. एकशे तीस किलो, म्हणजे दोन सडपातळ माणसं. ती गाडीच्या मागं, अंधारात, फळीच्या कडेला चढली होती. तो तोंड उघडणार, तेवढ्यात विठाबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माईक ओढला.

"अहो," त्या म्हणाल्या. या खेपेला संकोच नव्हता. "गाडीच्या मागं जरा बघून या."

"कुणाला म्हनताय?" विनोदनं विचारलं.

पडद्यावर आकडा चढला. अठरा हजार सहाशे वीस. सत्तरानं.

बाहेर नुसतं धुकं, ट्रॅक्टरची फडफड, आणि त्या फडफडीखाली फळीवरची पावलं. सावकाश. मागं मागं जाणारी.

मग एक किंकाळी. तिच्यापाठोपाठ दुसरी. आकडा धाडकन कोसळला. अठरा हजार चारशे नव्वद. दोन पोरगेले मजूर उसाच्या मागून उजेडात धडपडत आले, आणि त्यातला एक विनोदच्या पायाशीच बसला.

"मुकादम... तितं म्हातारा हाय... खांद्यावर हात ठिवला त्येनं..."

"कोन म्हातारा?"

"काय म्हाईत! गार हात... नुसतं म्हनला, 'उतरा.'"

साक्षीदारांतला वयानं मोठा गुऱ्हाळवाला पडद्याकडं बघत होता. आप्पांच्या काट्यावर त्याचा जन्म गेलेला. त्यानं डोक्यावरची टोपी हातात घेतली.

"आणखी सत्तर जास्त हायेत," तो अगदी हळू म्हणाला.

"व्हय," विठाबाई म्हणाल्या. त्यांनी माईकवर बोटानं टिचकी मारली. आवाजात अख्ख्या संसाराचा हुकूम होता. "आता तुम्हीबी उतरा."

अठरा हजार चारशे वीस.

आकडा तिथंच थांबला, खिळा ठोकल्यासारखा. गुऱ्हाळवाल्यानं टोपी डोक्यावर घातली आणि विनोदकडं वळून म्हणाला, "उद्याच्या माज्या सगळ्या गाड्या हितंच." दुसरा म्हणाला, "माज्याबी." विनोदला मोटारसायकल चालू करायला चार किका लागल्या. जाताना तो काट्यावरून गेला नाही, शेजारच्या ढेकळांतून गेला. येशुदासनं त्याच्या पाठीमागं मोठ्यानं म्हटलं, "मुकादम, मेहुण्याला सांगा, मशीन स्लो वाटलं तर मी येतो!" आणि तो आणि विठाबाई असे हसले, की त्या पत्र्याच्या केबिनीत चुलीवरचा चहा उतू गेलेला कुणाला कळला नाही.

निघताना विठाबाईंनी ताज्या गुळाची ढेप फडक्यात बांधून दिली. जुना प्रोसेसर रिवाजाप्रमाणं येशुदासनं खिशात टाकला. जुना माल नेणाऱ्याचा. ढेप विठाबाईंच्याच पायरीवर विसरून तो व्हॅनमध्ये बसला आणि फळीवरून जाऊ लागला, तर कर्णा वाजला.

"येशुदासा, थांब जरा."

त्यानं ब्रेक दाबला. आता आकडा यायला वेळ लागत नव्हता.

"एक हजार तीस."

येताना नऊशे साठ. तीच गाडी, तीच अवजारांची पेटी, तोच माणूस. येशुदासनं डावीकडच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं नाही.

"घाबरू नगंस," कर्णा मायेनं म्हणाला. "फाट्यापतुर येत्यात ते. लांबनं मानूस कामाला आला, की पोचवाय जायचे. फाट्यावर उतरव."

त्यानं उतरवलं. फाट्यावर गाडी उभी केली, फिरून जाऊन डावं दार उघडलं, आणि कुणी बघत नाहीसं पाहून म्हणाला, "उतरा आप्पा. लई उपकार झाले." नेमका त्याच वेळी उसाचा ट्रक हॉर्न देत शेजारून गेला, आणि गाडी हलकी झाली की नाही, हे काही त्याला कळलं नाही.

म्हणून शिक्रापूरला हायवेच्या कडेचा काटा दिसला, तशी त्यानं व्हॅन सरळ फळीवर घेतली. चालवणारा ओळखीचा. त्याचंही मशीन येशुदासनंच दिलेलं. बराच वेळ गेला. ट्रक येत होते, जात होते. शेवटी खिडकीतून आवाज आला, "नऊशे साठ, शेठ!"

येशुदासनं छाती भरून श्वास घेतला. खाली उतरला, खिडकीशी गेला, हसला, आणि सवयीनं पालीचा किस्सा सुरू करणार, तोच काटेवाला वैतागून म्हणाला, "आवो शेठ, ह्या मशीनचं कायतरी बघा. त्येच जुनं दोन कोरचं हाय. आकडा येस्तोवर मानूस चढून उतरून घरी जातंय."

येशुदासचा किस्सा तोंडातच राहिला.

तो सावकाश व्हॅनपाशी आला. डावं दार उघडलं, आणि या खेपेला बराच वेळ उघडं धरून उभा राहिला. गाडी ना वर उठली, ना खाली दबली. काकवीचा दाट, गोड, किंचित जळका वास मात्र आतून येत होता.